शितावरून भाताची परीक्षा : सामोआच्या मुलांच्या अंगातील चरबीचे मोजमाप



सामोआ कोठे, आपण कोठे, आणि तेथल्या मुलांच्या अंगात चरबी किती आहे याची उठाठेव आपण आज संध्याकाळी का करावी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी आरंभी देत नाही. विषय उलगडत गेला की ते आपोआप पुढे येईल, आणि ते आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचते असे आपल्याला दिसेल.

प्रथम या बेटांची थोडी ओळख करून घेऊ. पॅसिफिक महासागराच्या दक्षिण भागात, न्यूझीलंडच्या ईशान्येस, उपोलू आणि सवाई ही दोन मोठी बेटे आहेत. आजूबाजूची काही लहान बेटे धरून हा सामोआ देश होतो. लोकवस्ती सुमारे दोन लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. राजधानी आपिया. १९१४ पर्यंत येथे जर्मनांचा अंमल होता, पुढे न्यूझीलंडचा, आणि १९६२ साली देश स्वतंत्र झाला. शेजारचे अमेरिकन सामोआ हे अमेरिकेच्या ताब्यात असून ते वेगळे. ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत वाचली असेल. तिचा कर्ता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आयुष्याची शेवटची वर्षे उपोलू बेटावरच राहिला आणि १८९४ साली तेथेच वारला.

या लोकांचे जुने अन्न म्हणजे अळकुड्या, केळी, नारळ, मासे आणि कोकणात ज्याला आपण नीरफणस म्हणतो ते फळ. विसाव्या शतकात बंदरांतून डब्यातले मांस, मैदा, साखर आणि तेल आले. परदेशांत ज्याला गिऱ्हाईक नाही असा मांसाचा चरबीयुक्त भाग स्वस्तात येऊ लागला. टर्की पक्ष्याच्या शेपटीकडचा तुकडा हा त्यातलाच. २००७ साली सरकारने त्याच्या आयातीवर बंदी घातली. परंतु २०१२ साली जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळवताना ही बंदी उठविण्याचे कबूल करणे भाग पडले. अंगमेहनत कमी झाली, ताटातले पदार्थ बदलले, आणि परिणाम व्हायचा तोच झाला. आज सामोआतील प्रौढांपैकी निम्म्याच्या आसपास, किंवा त्याहूनही अधिक, लोक लठ्ठ गणले जातात. मधुमेह हे तेथील आरोग्य खात्यापुढचे एक मोठे संकट होऊन बसले आहे.

लठ्ठपणाची मुळे पुष्कळदा बालपणातच रुजतात. तेव्हा कोणत्या मुलाच्या अंगात चरबी फाजील साठत आहे हे सातव्या-आठव्या वर्षी कळले, तर काही उपाय करता येईल. येथवर कोणाचा मतभेद नाही. अडचण पुढे आहे. चरबी मोजायची कशी?

वजन आणि चरबी

वजन म्हणजे चरबी नव्हे. वजनात हाडे आली, स्नायू आले, रक्त आले, पाणी आले आणि चरबीही आली. काटा या सर्वांची बेरीज सांगतो. बेरजेतले आकडे सांगत नाही. उंच मुलाचे वजन साहजिकच अधिक असते, म्हणून वजनाला उंचीने काही हिशेबात घेण्याची युक्ती निघाली. ॲडॉल्फ केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८३० नंतरच्या दशकात असे दाखविले की, प्रौढ माणसांत वजन हे साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला १९७२ साली ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. हाच आपल्या डॉक्टरांच्या तोंडचा बीएमआय.

एक उदाहरण घेऊ. मुलगा आठ वर्षांचा, उंची १२५ सेंटिमीटर, वजन ३० किलो. सव्वाचा वर्ग सुमारे १.५६, त्याने तिसाला भागले की उत्तर येते १९.२. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या कोष्टकाप्रमाणे हा आकडा मुलाला ‘वजन अधिक’ या रकान्यात बसवतो. पण जादा वजन कशाचे? चरबीचे की स्नायूंचे? कोष्टक त्याचे उत्तर देत नाही. कोष्टकाला ते ठाऊकच नाही.

ही शंका पोकळ नाही हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच सिद्ध झाले होते. अमेरिकन आरमारातील डॉक्टर ॲल्बर्ट बेन्के यांनी १९४२ साली धंदेवाईक फुटबॉल खेळाडूंना पाण्याखाली तोलून पाहिले. उंची-वजनाच्या तत्कालीन कोष्टकाप्रमाणे त्यांपैकी बरेच जण फाजील वजनाचे, म्हणून सैन्यात भरतीला अपात्र ठरत होते. पाण्यातल्या तोलाने असे दाखविले की त्यांपैकी अनेकांच्या अंगात चरबी थोडीच होती. वजन होते ते पिळदार स्नायूंचे.

पाण्यात तोलून चरबी कशी कळते? युक्ती आर्किमिडीजची आहे. चरबी पाण्यापेक्षा हलकी. तिची घनता सुमारे ०.९, बाकीच्या देहाची सुमारे १.१. दोन्हींच्या मिश्रणाची घनता मोजली की कोणता भाग किती हे त्रैराशिकासारखे काढता येते. सोने आणि चांदी यांच्या भेसळीचा हिशेब करतात तसाच हा हिशेब. पण येथेही एक मेख आहे. १.१ हा आकडा प्रौढांच्या देहावरून घेतलेला आहे. लहान मुलांच्या देहात पाणी अधिक आणि हाडांतील खनिजे कमी असतात, त्यामुळे त्यांचा चरबीविरहित देह थोडा हलका असतो. प्रौढांचे सूत्र मुलांना लावले की मुलांच्या अंगात आहे त्यापेक्षा जास्त चरबी दिसते. ही मेख आपण लक्षात ठेवू. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

आज या कामासाठी डेक्सा नावाचे यंत्र वापरतात. माणसाला पलंगावर निजवून त्याच्या अंगावरून दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण फिरवतात. हाड, चरबी आणि इतर मऊ भाग हे किरण कमीजास्त प्रमाणात शोषतात. त्यावरून यंत्र तिन्हींचा हिशेब मांडते. किरणांचे प्रमाण फारच अल्प असते, म्हणून मुलांच्या बाबतीतही ते संशोधनासाठी वापरता येते. परंतु हे यंत्र महाग, अवजड, विजेवर आणि शिकलेल्या हातांवर अवलंबून. सवाई बेटावरच्या एखाद्या खेड्यात मुलांची तपासणी करायला निघालेली परिचारिका ते काखोटीला मारून नेऊ शकत नाही. तिच्या पिशवीत असते मोजपट्टी आणि फार तर एक चिमटा. बरोबर असतो वजनकाटा. एवढ्या सामग्रीवर तिला सांगायचे आहे की या मुलाच्या अंगात चरबी किती आहे.

मोजपट्टी आणि चिमटा

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. सबंध पातेले उपसण्याची गरज नाही; एक शीत दाबून पाहिले की भात शिजला की नाही ते कळते. साध्या मापांवरून चरबीचा अंदाज करणे हा त्याच जातीचा प्रकार आहे. देहातील चरबीचा मोठा भाग कातडीच्या लगेच खाली असतो. दंडाच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचलली तर जी घडी येते तिच्यात दुहेरी कातडी आणि दुहेरी चरबी असते. ती किती जाड आहे हे मोजले की आतील साठ्याचा अंदाज येतो. चेकोस्लोव्हाकियातील याना पारिझ्कोव्हा यांनी १९६१ साली मुलांच्या बाबतीत ही पद्धत वापरून दाखविली.

मोजणे दिसायला सोपे, करायला मात्र शिस्तीचे. खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध खूण करायची. घडी स्नायूपासून सोडवून उचलायची. स्नायू चिमटीत आला तर माप फसले. चिमट्याच्या जबड्यांचा दाब ठरलेला हवा, दर चौरस मिलिमीटरला दहा ग्रॅम. जोराने दाबले तर चरबी चेपते आणि आकडा कमी येतो. माप दोन-तीनदा घ्यायचे आणि सरासरी धरायची. अशीच घडी खवाट्याखाली, पोटरीवर, पोटावर घेता येते. दंडाचा आणि कमरेचा घेर मोजपट्टीने मोजता येतो.

आता या मापांचे चरबीत रूपांतर कसे करायचे? येथे समीकरण येते. शंभर-दोनशे मुले घ्यावीत. प्रत्येकाची खरी चरबी डेक्सासारख्या यंत्राने मोजावी आणि त्याच दिवशी चिमट्याने व पट्टीने साधी मापेही घ्यावीत. मग कोणत्या मापाला किती महत्त्व दिले असता अंदाज खऱ्या आकड्याच्या अधिकांत अधिक जवळ येतो ते गणिताने काढावे. ही गणिताची रीत जुनी आहे. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने ती १८०५ साली प्रसिद्ध केली, ती धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी. धूमकेतूंसाठी निघालेली रीत मुलांच्या पोटऱ्यांपर्यंत येऊन पोहोचली, हा शास्त्राच्या प्रवासाचा एक मासला आहे.

१९८८ साली अमेरिकेत स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे एक समीकरण दिले. ते जगभर वापरले गेले. मुलग्यांसाठी ते असे : दंडामागची घडी आणि पोटरीची घडी यांची मिलिमीटरमध्ये बेरीज करा, तिला ०.७३५ ने गुणा आणि त्यात १ मिळवा. येईल ते चरबीचे शेकडा प्रमाण. आपल्या मघाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे वळू. त्याच्या दोन घड्यांची बेरीज १५ असेल तर चरबी शेकडा १२, म्हणजे ३० किलोंत ३.६ किलो. बेरीज ३५ असेल तर शेकडा २६.७, म्हणजे ८ किलो. उंची तीच, वजन तेच, बीएमआय तोच, आणि चरबीत दुपटीहून अधिक अंतर! कोष्टकाने मात्र दोघांना एकाच रकान्यात बसवले असते. चिमट्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

शीत कोणत्या पातेल्यातले?

येथपर्यंत सर्व सरळ आहे. खरा प्रश्न आता येतो. शितावरून भाताची परीक्षा होते, ती शीत त्याच पातेल्यातले असते म्हणून. शेजारणीच्या पातेल्यातले शीत दाबून आपला भात उतरवला तर काय होईल, ते येथे बसलेल्या भगिनींना सांगायला नको.

वरचे समीकरण अमेरिकेतील गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांना मोजून तयार केलेले आहे. घडीची जाडी आणि एकूण चरबी यांचे जे नाते त्यांच्यात आढळले तेच त्यात गोठवलेले आहे. पण हे नाते माणसामाणसांत एकच नसते. हाडांचा भरीवपणा, स्नायूंचे प्रमाण, हातापायांची लांबी, चरबी कातडीखाली किती आणि पोटाच्या आत किती साठते, या सर्व गोष्टी समाजासमाजांत बदलतात. १९९९ साली बॉइड स्विनबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधील माओरी, सामोअन आणि युरोपीय वंशाच्या प्रौढांची तुलना केली. त्यांना असे दिसले की, बीएमआय सारखाच असला तरी सामोअन माणसाच्या अंगात युरोपीयापेक्षा चरबी कमी आणि स्नायू अधिक असतात. म्हणून सर्वसाधारणपणे ‘वजन अधिक’ आणि ‘लठ्ठ’ यांच्या सीमा २५ आणि ३० धरतात, त्या पॉलिनेशियन लोकांसाठी २६ आणि ३२ धरण्याची पद्धत संशोधकांत पडली.

या गोष्टीला एक जनुकीय पुस्तीही जोडली गेली आहे. २०१६ साली तीन हजारांवर सामोअन लोकांच्या तपासणीतून एका जनुकाचा असा प्रकार सापडला की जो जगात इतरत्र अत्यंत दुर्मिळ आहे. सामोअन लोकांत मात्र जवळजवळ निम्म्या माणसांजवळ त्याची निदान एक प्रत आहे. या प्रकाराने प्रौढांचा बीएमआय वाढतो, परंतु नवल असे की मधुमेहाचा धोका त्याने कमी होतो. पुढील अभ्यासांत त्याचा संबंध उंचीशी आणि चरबीविरहित देहाशी आढळू लागला. म्हणजे काट्यावर जे जादा दिसते ते सगळेच घातक नाही. याचा अर्थ सामोआत लठ्ठपणाचे संकट नाही असा मात्र कोणी करू नये. संकट खरे आहे. माप सदोष आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मापातील दोष दोन प्रकारचा असतो, आणि हा भेद समजून घेण्यासारखा आहे. वाण्याचा हात थरथरला तर तोल कधी इकडे जाईल, कधी तिकडे. दहा वेळा तोलून सरासरी काढली की ही चूक बव्हंशी नाहीशी होते. पण काट्यालाच पासंग असेल तर हजार वेळा तोलूनही प्रत्येक गिऱ्हाइकाला तेवढेच कमी पडणार. परक्या समाजातून उसने घेतलेल्या समीकरणाचा दोष हा पासंगाचा दोष आहे. परिचारिकेने कितीही काळजीने माप घेतले तरी तो जात नाही. त्याला उपाय एकच : आपल्या काट्याचा पासंग आपणच शोधून काढायचा.

सामोआत हेच करण्यात आले. तेथील आरोग्य खाते आणि अमेरिकेतील येल विद्यापीठ येथील संशोधकांनी मिळून २०१५ साली उपोलू बेटावर ‘ओला तुपुतुपुआए’ या नावाचा अभ्यास सुरू केला. या सामोअन शब्दांचा अर्थ ‘वाढत जाणे’. आरंभी दोन ते चार वर्षांची मुले आणि त्यांच्या माता यांची नोंद झाली. पुढे सात ते नऊ वर्षांच्या मुलांना डेक्सा यंत्राखाली निजवून त्यांची चरबी मोजली गेली. जोडीला वजन, उंची, घेर आणि घड्याही मोजल्या, आणि या दोहोंच्या तुलनेतून सामोअन मुलांचीच समीकरणे तयार करण्याचे काम झाले. शीत आणि भात एकाच पातेल्यातले झाले.

असे समीकरण करताना दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य परीक्षेचे. ज्या मुलांवरून समीकरण बांधले त्यांच्यावरच ते तपासले, तर प्रश्नपत्रिका आधी फोडून परीक्षा घेतल्यासारखे होईल. म्हणून मुलांचे दोन गट करतात. एका गटावरून समीकरण बांधायचे आणि दुसऱ्या, न पाहिलेल्या गटावर ते लावून पाहायचे. दुसरे पथ्य सरासरीविषयी. गटाची सरासरी बरोबर आली म्हणून प्रत्येक मुलाचा अंदाज बरोबर आला असे होत नाही. नदीची सरासरी खोली कमरेइतकी आहे एवढ्या भरवशावर कोणी पाण्यात उतरत नाही. म्हणून समीकरण सरासरीत किती चुकते एवढेच सांगून भागत नाही. एकेका मुलाच्या बाबतीत ते किती वरखाली होते हेही सांगावे लागते. गावातील हजार मुलांची स्थिती दहा वर्षांत सुधारली की बिघडली, हे पाहायला असे समीकरण उत्तम. एकाच मुलाविषयी निवाडा देताना मात्र जपून वापरायचे.

आणखी एक मर्यादा आहे. सात ते नऊ वर्षांचे समीकरण बाराव्या-तेराव्या वर्षी चालत नाही. वयात येताना मुलामुलींचा देह झपाट्याने बदलतो. मघाशी प्रौढांचे सूत्र मुलांना लावल्यावर जी मेख निघाली तीच येथे पुन्हा निघते. समीकरणाला जसे आपले लोक असतात तसे आपले वयही असते.

पुण्याचा दाखला

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. आपण ही उठाठेव का करावी? कारण ज्या कोष्टकाचा काटा सामोअन मुलाकडे एका बाजूने झुकतो, तोच आपल्या मुलांकडे नेमक्या उलट बाजूने झुकतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघा स्नेह्यांनी स्वतःलाच मोजून घेतले आणि २००४ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. डेक्सा यंत्राने चरबी मोजली ती युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांची शेकडा २१.२. कोष्टकाच्या दृष्टीने दोघेही सडसडीत!

हे जन्मापासूनच असते की काय? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांशी केली. वजन सरासरी २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो. पोटाचा घेर, दंडाचा घेर, सगळेच आपल्या बालकांचे पुष्कळ कमी. पण खवाट्याखालची घडी? ती त्या मानाने फारच थोडी कमी. मूल दिसायला किडकिडीत, आणि तुलनेने चरबी मात्र राखून ठेवलेली. या मुलांत उणे होते ते मांसाचे. आपल्याकडे सडपातळ माणसाला चाळिशीतच मधुमेह का गाठतो, या कोड्याचा एक धागा येथे सापडतो.

म्हणूनच भारतात प्रौढांसाठी २५ आणि ३० च्या जागी २३ आणि २५ या सीमा सुचविण्यात आल्या. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली मुलांची नवी वाढकोष्टके काढली, त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. त्या कोष्टकांतही लठ्ठपणाच्या सीमा आपल्या लोकांचा हा स्वभाव ध्यानात घेऊन खाली आणलेल्या आहेत.

तेव्हा चित्र असे दिसते. एकच कोष्टक सामोआत धट्ट्याकट्ट्या मुलाला लठ्ठ म्हणते. आईबाप घाबरतात, मुलगा वर्गात हिणवला जातो, आणि मोजक्या परिचारिकांचा वेळ ज्याला गरज नाही त्याच्यावर खर्च होतो. तेच कोष्टक आपल्याकडे बारीक मुलाला ‘ठीक’ म्हणून घरी पाठवते आणि आईबाप निर्धास्त होतात. एकीकडे नाहक भीती, दुसरीकडे नाहक भरवसा. दोन्हींत नुकसान मुलाचेच.

यावरून कोणी असे समजू नये की साधी मापे टाकून द्यावीत आणि गावोगाव यंत्रे बसवावीत. ते परवडणारे नाही, आणि आवश्यकही नाही. मोजपट्टी आणि चिमटा ही उत्तम साधने आहेत. त्यांच्यामागचे समीकरण मात्र आपल्या मुलांवर पारखलेले हवे, आणि खाणेपिणे व राहणी बदलली की काही वर्षांनी ते पुन्हा पारखून घ्यायला हवे. दोन लाख वस्तीच्या देशाने हे काम अंगावर घेतले. आपल्याकडे घाटावरचे, कोकणातले, मेळघाटातले मूल यांची अंगकाठी एक आहे असे आपण गृहीत धरतो. ते तपासून पाहण्याजोगे आहे.

आणि आईबापांनी करण्यासारखी एक सोपी गोष्ट आहे. शाळेच्या तपासणीतून मुलाच्या कार्डावर ‘लठ्ठ’ किंवा ‘योग्य’ असा शेरा आला, तर घाबरूनही जाऊ नये आणि हुरळूनही जाऊ नये. हा शेरा कोणत्या कोष्टकावरून दिला, ते कोष्टक कोणत्या मुलांना मोजून केले, आणि माझ्या मुलाची नुसती उंची-वजनच पाहिली की कंबरही मोजली, एवढे तीन प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे विचारावेत. चांगल्या डॉक्टरला असे प्रश्न आवडतात.